‘वाईट आहे’ म्हणणारा

आमच्या गोराईत नव्या वर्षाचं वचन घरोघरी मिळायचं, आणि कुणाला कसलं मिळालं यावर पुढचे पंधरा दिवस गावाची करमणूक व्हायची. तीन राजांच्या सणाला सकाळची मिस्सा संपली की वेदीजवळ वेताची टोपली ठेवत. तिच्यात सुरळी केलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर पवित्र शास्त्रातली एक ओळ, डॉमनिक मास्तरांच्या हस्ताक्षरात. घरटी एकानं पुढं जायचं, डोळे मिटून हात घालायचा, एक चिठ्ठी उचलायची आणि घरी आणून दाराच्या आतल्या बाजूला पेजेनं चिकटवायची. वर्षभर देव त्या घराशी त्या एका ओळीतून बोलणार, अशी सगळ्यांची समजूत. आजारी माणसाच्या घरी आरोग्याचं वचन आलं की बायका तिथंच डोळे पुसायच्या. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे वचन तर प्रत्येकालाच हवं असायचं. ते शेजारच्या कतरीनला लागोपाठ तीन वर्षं मिळालं, तेव्हा ती टोपलीत आधी डोकावून घेते असं माझं मत होतं, आणि आज ती देवाघरी गेल्यावरही माझं मत तेच आहे.

त्या वर्षी आमच्या घरातून आई पुढं गेली. देवळाच्या पायरीवर येऊन तिनं सुरळी उलगडली (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), एकदा वाचली, परत वाचली आणि माझ्याकडं बघितलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: “‘वाईट आहे, वाईट आहे,’ असं विकत घेणारा म्हणतो, मग आपल्या वाटेनं गेल्यावर फुशारकी मारतो.” कतरीन मागून वाकून वाचत होती. ती म्हणाली, “अगो मारी, हे तर फिलूचंच हाय.” फिलू म्हणजे मी. पायरीवर जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो.

झालं काय होतं ते नंतर कळलं. मास्तरांना धीराची, आशेची, आशीर्वादाची जेवढी वचनं ठाऊक होती तेवढी संपली, आणि घरं मात्र शिल्लक राहिली. सण उद्यावर आलेला, हात दुखून आलेले. तेव्हा त्यांनी शलमोन राजाच्या शहाणपणाच्या वचनांचं एक पान उघडलं आणि वरून खाली उतरवत गेले. वाचत नव्हते, नुसते उतरवत होते. त्यामुळं ज्या घरातला बापूस रोज संध्याकाळी गुत्त्यावरून उचलून आणावा लागायचा, त्या घराला ‘मद्य माणसाची थट्टा करतं’ हे वचन गेलं. ज्याची वाडी तीन पावसाळे पडीक होती, त्याला आळशी माणूस नांगर धरत नाही हे वचन मिळालं. गाव हादरलं. सगळ्यांची खात्री पटली की यंदा देव आशीर्वाद वगैरे देत नाही, नाव घेऊन बोलतोय. मग आमच्या घरात तो कुणाशी बोलतोय हे विचारायची गरजच कुणाला पडली नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. घरची वांगी, मिरच्या, लाल माठ घेऊन रोज सकाळी फेरीबोटीनं खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात बसायची. तोंड तिखट होतं, नाकावर राग होता. वांगं हातात दाबून दाबून परत ठेवणाऱ्या एका बाईला मी ते वांगं फेकून मारलं होतं, आणि ते गावाला माहीत होतं. पण गावाच्या मनात खरी होती ती बाकांची गोष्ट. देवळाची जुनी बाकं विकायला काढली होती. मी गेले, बाकांवर नख मारलं, नाक मुरडलं, “वाळवी लागलीय, जळणाला पण घेणार नाय कोण,” असं म्हटलं आणि तीन बाकं उचलून आणली. बाकं अस्सल सागवान होती. हे मी नंतर बोटीवर चार जणींना सांगितलं, कारण आनंद पोटात राहत नाही. त्या चार जणींनी ते गावाला सांगितलं. ती बाकं माझ्या दुकानात आजही आहेत. हॉटेलांचे लोक भाजीची ऑर्डर द्यायला येतात ते त्यांच्यावरच बसतात. चाळीस वर्षांत एक सांधा हलला नाही. म्हणजे वचनातला घेणारा मी होते हे मला मान्य आहे. माझं गाऱ्हाणं वेगळंच आहे.

आमचं घर म्हणजे तीन खोल्या, कौलं, पुढं अंगण, आणि अंगणाच्या पलीकडं वाडी. वाडीच्या मधोमध बाव. विहिरीला आम्ही बाव म्हणतो. तिच्यावरचा रहाट सकाळी करकरायला लागला की मला जाग यायची. पप्पा पाणी काढायचे, आई तोवर चुलीवर पेज ठेवायची आणि माझा भाऊ आग्नेल झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचा. खाडीच्या इतक्या जवळ असूनही त्या बावीचं पाणी गोड होतं. डाळ त्यात लोण्यासारखी शिजायची. बोरिवलीच्या बायका माझी वांगी नेमून घ्यायच्या ती त्या पाण्याच्या जोरावर, माझ्या गोड बोलण्यावर नव्हे. रविवारी मिस्सेहून आलं की आई फुगे तळायची, आणि ते पिठाचे गोळे तेलात टम्म फुगून आपोआप उलटे व्हायला लागले की आग्नेल पहिला चुलीपाशी. सोबत वांगं घातलेलं सुकटीचं कालवण, सणाला डुकराचं इंद्याल. मी आता मोठमोठ्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यात उभी राहून भाजी मोजून देते, पण तसलं कालवण कुठं मिळालं नाही. पाणीच नाही तसलं.

सणानंतरच्या आठवड्यात फादर घरं आशीर्वादायला आले. वसईकडचे, तरुण, हडकुळे, नवीनच आलेले. पवित्र पाणी शिंपडता शिंपडता त्यांची नजर दारावरच्या चिठ्ठीवर गेली.

“हे कुणाला मिळालं?”

“घराला, फादर,” आई म्हणाली, आणि हनुवटीनं मला दाखवलं.

“फादर, ह्यात वाईट म्हणणारा तो घेणारा हाय,” मी म्हटलं. “मी विकते. ह्यातली गरीब मी हाय.”

“विकणारी कधी काही घेत नाही का?” फादर म्हणाले. “बाकं कशी आहेत, फिलोमिना? वाळवी वाढली का?”

पप्पा हसले. पप्पा सहसा हसायचे नाहीत, म्हणून मला जास्त लागलं. आणि फादर तेवढ्यावर थांबले असते तर मी सोडून दिलं असतं. त्यांनी पुढच्या रविवारी प्रवचनात तेच वचन घेतलं. नाव घेतलं नाही. देव आपल्या बाजारातही बसलेला असतो, आपण वस्तूला वाईट म्हणतो तेव्हा तो ऐकतो, घासाघीस म्हणजे जिभेनं केलेली चोरी, असं पाव तास बोलले. बायकांची अख्खी डावी बाजू माझ्याकडं वळून बघत होती. मी समोरच्या मेणबत्तीकडं बघत बसले आणि मनात म्हटलं, ह्यांच्या घरी कधी कुणी भाव करून मासळी आणली नसेल.

बाजारात माझ्या शेजारी पार्वतीकाकू बसायच्या. मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर ह्या नारळ आणि कोकम घेऊन बोरिवलीत बसू लागल्या. मी रागारागानं त्यांना सगळं सांगितलं, वचन म्हणून दाखवलं. त्या नारळ हलवून पाणी बघत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “गो बाय, तुमचो देव बाजारात बसलेलो दिसता.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे काय म्हणजे? जो वायट म्हणता, तोच घेता. जो बरा म्हणता तो नुसतो बघून जाता. तुझो देव तुका गिऱ्हाइक वळखूक शिकयता आणि तू रडत बसलंस.”

तेवढ्यात एक बाई आली, माझ्या मिरच्या चिवडल्या आणि म्हणाली, किती सुकल्यात. काकूंनी मला कोपरानं ढोसलं. बाईनं अर्धा किलो घेतल्या. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाचं तोंड सोडून त्याचे हात बघायला लागले. माझं सगळं शिक्षण म्हणायचं तर ते एवढंच. पण हे शिकलेलं मी बाजारातच ठेवून यायची, टोपलीबरोबर घरी आणायची नाही. तीच चूक झाली.

बस्त्यावकाका पप्पांचे थोरले भाऊ. अंधेरीला एका कंपनीत फोरमन, मरोळला स्वतःची खोली, पायात चकचकीत बूट. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाल्यापासून ते एक रविवार आड घरी यायला लागले. आग्नेलला गल्फला जायचं होतं, एजंटला पैसे भरायचे होते, त्यासाठी पप्पा बावीसकट अर्धी वाडी विकणार होते. परक्याला देण्यापेक्षा घरात राहील म्हणून काकांनी घ्यावी, अशी पप्पांचीच इच्छा. बाव गेली की उरलेल्या अर्ध्या वाडीत गवत उगवलं असतं. माझा धंदा तिथंच संपणार, आणि मला टायपिंगच्या क्लासला घालायचं असंही आईनं ठरवून टाकलेलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी आग्नेलच्या नशिबाच्या आड मी कशी येणार होते.

काका यायचे, आईच्या हातचं पोटभर जेवायचे, मग पप्पांबरोबर वाडीत फिरायचे. “जमीन काय उरली नाय रे, इनास. मीठ चढलंय.” बावीच्या कठड्यावर हात ठेवून म्हणायचे, “पाणी मचूळ झालंय. आपल्या बापसाच्या वेळचं ऱ्हायलं नाय.” पप्पा मान खाली घालून ऐकायचे. काका म्हणायचे, “मना काय करायची ही वाईट जागा? तुझ्या पोरासाठी घेतो.” आणि पप्पांचे डोळे भरून यायचे. हे सगळं झालं की काका पांढरे प्लास्टिकचे दोन मोठे डबे काढायचे, बावीवर गच्च भरून घ्यायचे आणि मला धक्क्यापर्यंत घेऊन यायला सांगायचे. मरोळच्या नळाच्या पाण्यात काकीची डाळ शिजत नव्हती म्हणे. तीन महिने मी ते डबे वाहिले. तीन महिने. बाजारात बाई मिरचीला सुकलेली म्हणाली की मी लगेच ओळखायची, आणि घरात हा माणूस मचूळ मचूळ म्हणत पाणी भरून नेत होता, तेही दारावर ते वचन चिकटवलेल्या घरातून, आणि मला दिसलं नाही. कारण वचन माझं होतं ना. सगळ्यांनी मिळून ते मला चिकटवलं होतं आणि मीही ते चिकटवून घेतलं होतं.

मे महिना होता. अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या, मसाला कुटणाऱ्या बायका आलेल्या, सगळ्या गावाला शिंका. त्या रविवारी मी डबे घेऊन काकांच्या मागं धक्क्यावर गेले. तिथं त्यांच्या कंपनीतला एक दोस्त भेटला, समुद्रावर फिरायला आलेला. काका त्याच्याशी बोलायला लागले. मी दहा पावलं मागं, दोन्ही हात डब्यांनी ताणलेले.

“असली बाव अख्ख्या गोराईत मिळणार नाही,” काका दोस्ताला सांगत होते. “आत्ता मे आहे, तळ नाही दिसत. बंगला बांधतो, शूटिंगवाल्यांना भाड्यानं देतो, मढला देतात तसा. आणि कितीला मिळतेय ऐकशील तर वेडा होशील.”

मी डबे खाली ठेवले. झाकणं उघडली. एक डबा उचलला आणि खाडीत ओतला, मग दुसरा. आवाज ऐकून काका वळले.

“काय करतेस गं तू?”

“मचूळ हाय, काका. पोट बिघडंल तुमचं.”

दोस्त हसला, काका हसले नाहीत. मी रिकामे डबे त्यांच्या बुटांपाशी ठेवले आणि घरी आले.

घरी येऊन मी पप्पांना सगळं सांगितलं, आणि ओरडून सांगितलं, ही माझी दुसरी चूक. पप्पा मिरच्या पालथ्या करत होते. म्हणाले, “माझा भाऊ तसा नाय.” मी त्यांना हाताला धरून दारापाशी आणलं, चिठ्ठीवर बोट ठेवलं. वाचा म्हटलं. घेणारा वाईट म्हणतो आणि वाटेनं गेल्यावर फुशारकी मारतो. वाट ती, धक्का तो, मी कानानं ऐकलं. पप्पांनी चिठ्ठी वाचली आणि शांतपणे म्हणाले, “हे तुझ्यासाठी आलंय, फिलू. देवानं तुना सांगितलंय. तू ते दादाच्या माथी मारू नको.”

 तीच ओळ, तीच अक्षरं, पण ती ज्याच्यावर लागू पडत होती तो माणूस सोडून सगळ्यांना त्यात मी दिसत होते. आणि त्याला जबाबदार एकच माणूस होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून परतताना मी तडक फादरांच्या घरी गेले, टोपली दारात ठेवली आणि समोर बसले.

“फादर, ते वचन माझं नाय, हे पप्पांना येऊन सांगा.”

“बाकं सागवानी होती की नाही?”

“होती. म्हणून वचन सगळं माझं झालं?” मी म्हटलं. “टोपलीत हात कुणी घातला? आईनं. मग आईचं का नाय? ह्या ओळीत माझं नाव कुठं हाय? दाखवा बघू.”

“नाव कुणाचंच नाही त्यात.”

“मग पाव तास प्रवचन कशावर केलंत?”

फादर उठले. मग त्यांनी शास्त्र काढलं आणि ती ओळ माझ्यासमोर हळूहळू वाचली, वरची ओळ वाचली, खालची वाचली. म्हणाले, खरं सांगायचं तर इथं देव कुणाला ओरडत नाही. पाप असंही म्हणत नाही. बाजारात माणसं कशी वागतात ते कुणीतरी बघितलंय आणि लिहून ठेवलंय, एवढंच. मी म्हटलं, हे मला पार्वतीकाकूंनी जानेवारीतच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं पार्वतीकाकू कोण, कुठल्या पॅरिशच्या. मी म्हटलं, नारळाच्या.

मग आमची घासाघीस झाली. दुसरा शब्द नाही त्याला. माझं म्हणणं, फादरांनी पुढच्या रविवारी प्रवचनात चूक झाली म्हणून सांगावं. ते म्हणाले, वेदीवरून मी माझ्याच प्रवचनावर प्रवचन करणार नाही. मी म्हटलं, मग निदान काका खोटं बोलले एवढं पप्पांना सांगा. ते म्हणाले, मी ऐकलेलं नाही, मी कसं सांगू. मी उठले, टोपली उचलली, दारापर्यंत गेले. घेणाऱ्यानं बोलवावं म्हणून विकणारी उठते तशी. त्यांनी बोलावलं. शेवटी ठरलं ते असं: पुढच्या रविवारी काका कागद घेऊन येणार होते, फादर जेवायला येतील आणि पप्पांना एकच वाक्य सांगतील, की दारावरचं वचन पुऱ्या घराचं असतं, एकट्या पोरीचं नाही. त्याच्यापुढं एक शब्द नाही. मी मागितलं होतं त्याच्या पावपटही मिळालं नव्हतं, पण रिकाम्या हातानं जाण्यापेक्षा बरं.

रविवारी आईनं इंद्याल केलं. काका नवीन शर्ट घालून, कागद, पेन आणि तेच दोन डबे घेऊन आले. माझ्याकडं बघितलं नाही. जेवणं झाली, काकांनी टेबलावर कागद पसरला, आणि फादरांनी हात पुसत पप्पांना सांगितलं, “इनास, दारावरचं वचन पुऱ्या घराचं असतं. एकट्या पोरीचं नाही.” एवढंच बोलून त्यांनी केळं सोलायला घेतलं. ठरलं तेवढंच दिलं. मापाला पक्का माणूस.

पप्पा वळून दाराकडं बघत राहिले.   काकांनी पेन पुढं केलं. पप्पांनी ते घेतलं, टोपण काढलं आणि म्हणाले, “दादा, भाव तूच सांगितलास तो राहू दे. मी एक पैसा वाढवत नाय. फक्त एकदा म्हण, बाव चांगली हाय. म्हण, मग मी सही करतो.”

मी चुलीपाशी उभी होते. आठवडाभर मी मनात आकडे मांडत होते. पप्पांना पटलं तर भाव दुप्पट मागायचा, बाव वगळून द्यायची, अर्ध्यावर यायचं, सगळं तयार होतं. आणि हा माणूस अख्खी बाव एका शब्दावर लावून बसला होता. काका ‘चांगली’ म्हणाले असते तर तिथल्या तिथं सगळं गेलं असतं, त्याच पडेल भावात. त्यांच्या जागी मी असते तर दहा वेळा म्हटलं असतं, गाऊन दाखवलं असतं.

काका हसले. “मी चांगली म्हणेन, मग तू भाव वाढवशील.”

“नाय वाढवणार. फादर बसलेत. त्यांच्यादेखत सांगतो.”

काकांनी फादरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना वाटलं ही चाल आहे, आणि चाल माझी आहे. घासाघीस करणाऱ्या माणसाला घासाघीस न करणारा माणूस कळतच नाही. हे मी अनुभवानं सांगते, कारण पप्पा मलाही कळले नव्हते. काकांनी टेबलावरचा कागद सरळ केला. म्हणाले, “आता मचूळ बाव ती मचूळच. मी खोटं कशाला बोलू, इनास?”

पप्पांनी पेनाला टोपण लावलं. “मग मचूळ बाव मी माझ्या भावाच्या गळ्यात कशी बांधू?” असं म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली आणि काकांच्या खिशात स्वतःच्या हातानं ठेवली.

हे पप्पा भोळेपणानं बोलले की कसे, ते मला आजतागायत समजलेलं नाही. शेकडो व्यापारी बघितले, असा टोला कुणाला मारताना बघितला नाही. आणि मारताना चेहरा इतका सरळ ठेवणारा तर नाहीच. मी नंतर कितीदा विचारलं. ते म्हणायचे, “मी काय बोललो? तो वाईट म्हणाला, मी नाय दिली.”

काका उठले. डबे तसेच रिकामे सोडून निघाले होते. पप्पांनी ते उचलले, बावीवर नेले, रहाट ओढून दोन्ही गच्च भरले आणि खांद्यावर काठीला लावून भावाच्या मागं धक्क्याकडं चालू लागले. मी ओतलेलं पाणी त्यांनी भरून दिलं, हे बघून माझं डोकं फिरलं. मीही मागून गेले.  पप्पांनी डबे बोटीत चढवले, काका चढले, बोट सुटली. आणि बोट तीसेक हात आत गेल्यावर काका कठड्याशी आले. मशीनच्या धडधडीवरून ओरडून म्हणाले, “इनास. बाव चांगली हाय रे. गोड हाय.”

पप्पा पाण्यात उतरले. खरंच उतरले, विजार भिजली, गुडघ्यापर्यंत चिखलपाणी. हात वर करून बोटवाल्याला हाका मारायला लागले, थांब, परत घे. मी म्हटलं, काय करताय. ते म्हणाले, “तो म्हणाला ना. मी शब्द दिलाय. म्हणालास की सही करतो म्हणून सांगितलं होतं फादरांच्यादेखत.” मी मागून त्यांचा निळा शर्ट धरला. ते ओढत होते, मी ओढत होते. धक्क्यावर रविवारची गर्दी, सगळे बघतायत. मी सांगत होते, पप्पा, सौदा टेबलावर संपला, बोट सुटल्यावर बोललेलं धरत नाहीत, कुठल्याच बाजारात धरत नाहीत. तोवर बोट पलीकडं पोचली होती.

बाव आमचीच राहिली. तिच्याच पाण्यावर मी दोन दुकानं उभी केली. आग्नेल दोन वर्षं उशिरा गल्फला गेला, आईची सोन्याची पोत मोडून, आणि ती दोन वर्षं तो अजून माझ्याच नावावर धरतो. काका नंतरही यायचे, जेवायचे, पाणी न्यायचे. जागेचा विषय कुणी काढला नाही. पण पप्पांनी मला कधीही, एकदाही म्हटलं नाही की तुझं बरोबर होतं. उलट आयुष्यभर त्यांना हेच लागून राहिलं की दिलेला शब्द मोडला, आणि तो माझ्यामुळं मोडला. माझं गाऱ्हाणं असेल तर ते हे आहे. फादर बदली होऊन जाताना दारात उभं राहून माझी माफी मागून गेले, काकीनंसुद्धा एकदा माझ्या वांग्यांची तारीफ केली, पण पप्पांकडून काही नाही. तो निळा शर्ट आईनं खांद्यापाशी टाचून दिला आणि ते तोच घालून मिस्सेला यायचे. कुणी टाक्यांकडं बघून विचारलं की माझ्याकडं बोट दाखवून सांगायचे, “पोरीनं फाडला.”

फाडला नव्हता. खांद्याची शिवण उसवली होती.